गळतीवर जगलेली नदी

चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर शिफ्ट सुटत होती आणि मी पत्रकं वाटत उभी होते, तेव्हा बाबांचा फोन आला. कंपनीच्या बसगाड्यांच्या हॉर्नमध्ये काही ऐकू येईना. "बाबा, नंतर करते," मी ओरडले. पलीकडून एवढंच आलं, "नली गेली गं..." नली म्हणजे माझी नलूआत्या, बाबांची धाकटी बहीण. पिंपरीतल्या एका कॉलेजात आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. हृदयविकाराचा झटका आला, दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं संपलं. आता काही आठवडे उलटले. भेटायला येणारे म्हणतात, दुःख हळूहळू निवळतं. माझं निवळत नाही, कारण त्याच्या तळाशी राग बसलाय.

बाबा लातूरकडून इथे येऊन कंपनीत लागले आणि युनियनचे झाले. आमच्या घरात पाहुण्यांना चहाआधी पत्रक मिळायचं. मी अक्षरं शिकले तीही पत्रकांवरच, त्यामुळे मला बराच काळ वाटायचं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्हच असतं. आत्या याच घरातली, पण निराळी. तिच्याकडे एनॅमलचं पांढरं पसरट ताट होतं, कडेचा टवका उडालेलं. ते पिशवीत घालून ती मला लहानपणी मावळात न्यायची. पाण्यात उतरून अर्धा वर आलेला एक दगड उचलायची, त्याची खालची बाजू ताटात धुवायची आणि म्हणायची, "आता गप्प बस आणि बघ." आधी नुसतं गढूळ पाणी दिसायचं. मग त्यातला एक ठिपका चालायला लागायचा, दुसरा वळवळायचा... चतुरांची पिल्लं, बारीक गोगलगाई, माशांचं खाणं. बघून झालं की ताट पाण्यातच रिकामं करायचं आणि दगड होता तिथे, होता तसाच ठेवायचा. ओली बाजू खाली. मी एकदा तो नुसता टाकून दिला तर म्हणाली, "कुणाच्या घराचं छप्पर उचललंस तर परत नीट ठेवशील की नाही?"

निवृत्तीनंतर तिला एक काम आलं. मावळातल्या एका जुन्या वीजधरणाची दुरुस्ती होणार होती. जुनं यंत्र बदलायचं, दरवाजांना नवी रबरं बसवायची, गळती बंद करायची. त्याने पाण्यातल्या जिवांवर काय परिणाम होईल, याचा अहवाल वाकडमधल्या एका सल्लागार कंपनीकडे होता आणि त्यातलं मासे-किड्यांचं प्रकरण आत्याकडे. ती आनंदाने गेली आणि परत आली ती कपाळाला हात लावून. कंपनीने पाण्याचे नमुने घेण्यासाठी दोनच जागा ठरवल्या होत्या. एक धरणाच्या जलाशयात, दुसरी थेट खाली शहरातल्या पुलाशी, जिथे नदीत सांडपाणी मिसळून काळा फेस तरंगतो. का? तर पुलापर्यंत गाडी जाते. मधला सगळा पट्टा वगळला. आणि जीव तर तिथेच होता! वीज बनवायची नसते तेव्हा धरणातून पाणी सोडत नाहीत. मग खालचे डोह जगत होते ते त्या गळक्या दरवाजातून झिरपणाऱ्या पाण्यावर. देवळाखालच्या डोहात महाशीर मासे होते. गाव त्यांना देवाचे मासे म्हणतं आणि तिथे कुणी गळ टाकत नाही. आत्याची मागणी साधी होती. दुरुस्ती जरूर करा, पण जेवढं पाणी आज चुकून गळतंय, तेवढं उद्यापासून ठरवून सोडा.

जनसुनावणी एका मंगल कार्यालयात झाली. सल्लागार कंपनीचा तरुण मॅनेजर गोड बोलत होता. "मॅडम, पुलापाशी आधीच काही जिवंत नाही. मग दुरुस्तीने नुकसान कुणाचं होणार?" आत्या म्हणाली, "अहो, ज्या खोलीत कुणीच राहत नाही तिथे जाऊन तुम्ही विचारताय, कुणाला त्रास आहे का!" लोक हसले. तेव्हा त्याने फाइलमधून एक कागद काढला. आमचंच पत्रक. शहरातल्या सांडपाण्याविरुद्ध बाबांनी काढलेलं, वर ठळक मथळा : नदी मेली! "हे तर आपल्याच घरचं ना, मॅडम?" पुन्हा लोक हसले. या वेळी आमच्यावर.

घरी येताना रिक्षात बाबा उसळले, "मेली म्हटल्याबिगर लोकांना जाग येत न्हाई, नले."

"दादा, मेलेल्याच्या तोंडात पाणी घालतात. दोन थेंब. जित्याला रोज लागतं."

"तू आता मलाच शिकव."

"शिकवतेच आहे. उशीर झालाय एवढंच."

अहवाल आला. आत्याने तो पट्टा स्वतः पायी फिरून लिहिलेलं प्रकरण त्यात नव्हतं. त्याच्या जागी एकच ओळ होती, जलचरांवरील परिणाम नगण्य. नगण्य! हा शब्द लिहिणाऱ्याला एकदा त्या डोहात उभं करावं आणि पायाला मासे हुंगू लागले की विचारावं, बोल, यातला कोण नगण्य? आत्याने हरकत लिहून पाठवली. उत्तर नाही. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. एका साहेबाची बदली झाली, तर नव्या साहेबाला सगळं पहिल्यापासून सांगितलं. मी म्हणायची, धरणावर मोर्चा नेऊ. ती म्हणायची, "ने. पण आधी मथळा बदल." तिचा शेवटचा फोनही त्याच कामाचा होता. रबरं कधी बसवणार, एवढं विचारून सांग म्हणाली होती...

तळवड्याच्या तिच्या घरी, तिला नेण्याआधी, भटजींनी बाबांच्या हातात तुळशीपत्र आणि पाण्याची वाटी दिली. बाबांनी एक थेंब सोडला. दुसऱ्याला हात तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की त्यांनाही रिक्षा आठवली.

गेल्या रविवारी आम्ही दोघं ते ताट घेऊन धरणाखाली गेलो. वर क्रेन उभी होती, दरवाजाजवळ नव्या रबरांची भेंडोळी पडली होती. पाणी सोडण्याचं अजून कुणीही कबूल केलेलं नाही. खाली ती बारीक धार मात्र चालू होती. बाबांनी पँट दुमडली, दगड उचलला, ताटात धुतला आणि चष्मा सावरून वाकून बसले. जन्मभर घोषणा देत आलेला माणूस, ताटाच्या कडेला बोट लावून हळूच म्हणाला, "हाय की गं... जित्ती हाय."

त्यांनी ताट प्रवाहात हलकेच तिरपं केलं, शेवटचा ठिपका निसटेपर्यंत धरून ठेवलं. दगड ठेवला, तो डुगडुगला. पुन्हा उचलला, वळवून बघितला आणि ओली बाजू खाली करून नीट बसवला.