धांडेसरांचा वर्ग

धांडेसरांच्या झोळीत खडू कमी आणि ज्वारीचे धांडे, म्हणजे वाळकी ताटं, जास्त असायचे. खरं आडनाव वेगळंच. पण धांड्याच्या आतल्या पांढऱ्या गराचे तुकडे बाभळीच्या काट्यांनी जोडून हा माणूस साखरेचे रेणू करायचा, म्हणून पोरांनी बारसं केलं. दिंद्रुडकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ते रसायनशास्त्र शिकवायचे, मी मराठी. स्टाफरूममध्ये माझ्या डब्याशेजारी ग्लुकोजची कडी पडलेली असे. पाच कार्बन पांढरे, एक ऑक्सिजन कुंकवात बुडवलेला.

"भाकर बी ग्लुकोज, कडबा बी ग्लुकोज," ते सांगत, मला कळो न कळो. "कड्या त्याच. भाकरीच्या स्टार्चमधी समद्या एका अंगानं जोडल्यात, कडब्याच्या सेल्युलोजमधी एकाआड एक पालथी, तिला बीटा जोड म्हणायचं. तेवढ्यानं साखळी ताठ झाली, आन आपल्या पोटाला ती तुटंना." मग कडी माझ्या हातात कोंबत. "फळ्यावर बघून कळत न्हाई. धरून बघा."

धरणार कोण? आमच्याकडची रीतच अशी, की विज्ञानाच्या पोराचं नाव गावच्या कॉलेजात आणि पोर लातूरच्या क्लासात. पटावर वर्ग भरलेला, बाकं ओस. समोर बसून शिकणारं एक तरी लेकरू असावं, एवढंच सरांचं मागणं होतं.

एका वर्षी ते मिळालं. मेंढरं राखणाऱ्या घरातली मुक्ता रोज यायची. एकदा तिनं विचारलं, "सर, मंग मेंढराला कडबा कसा पचतो?" मेंढराच्या पोटातले जंतू ती जोड कशी तोडतात, हे सांगण्यात सरांची मधली सुट्टी गेली, डबा तसाच राहिला. इतकं खूश मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

दिवाळीनंतर तिचे वडील आले. "समद्यांची लेकरं लातूरला गेली सर, माझ्याच पोरीनं कामून मागं ऱ्हावं?"

त्याच आठवड्यात मुक्ताही लातूरला गेली. पुढच्या वर्षी पोरांची नावंही लातूरच्याच कॉलेजांत गेली, विज्ञान शाखा बंद पडली, सर अतिरिक्त ठरले. दुसरीकडे नेमणूक मिळायची वाट बघून थकले आणि लातूरच्याच एका क्लासात लागले.

परवा माझ्या मुलीचं नाव घालायला मी त्याच क्लासात गेलो. आमच्या घरातही दुसरं काही सुचलं नव्हतं. हॉल खच्चून भरलेला, आणि माइकवर ओळखीचा आवाज. एवढी लेकरं सरांसमोर बसलेली बघून माझे डोळे भरून आले.

"सेल्युलोज दिसलं की बीटा," सर सांगत होते. "आकृती काढत बसू नका, वेळ जातो."

मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. "सर, पण बीटानं साखळी ताठ का होते?"

दाराशी उभ्या उभ्या मी मनातल्या मनात म्हणालो, सांगा सर, सांगा.

"ते परीक्षेत विचारत न्हाईत, बाळा," सर म्हणाले. "बस खाली. पुढचा प्रश्न."