हाकेला ओ

गोदाअक्कानं शाळा सोडून कापूस वेचला, म्हणून मी बी.ए. होऊन मास्तर झालो. गंगापूरला तिला धाडलेल्या प्रत्येक पत्रात मी 'खुशाल आहे' एवढंच लिहीत आलो.

औरंगाबादच्या दवाखान्यात माझा खुब्याचा सांधा बदलायचा होता. पूर्ण भूल घ्यायची की पाठीत इंजेक्शन घेऊन जागं राहायचं, हे डॉक्टरांनी माझ्यावर सोडलं. झोपलो आणि उठलोच नाही तर? आणि जागेपणी हाडावरची करवत ऐकायची?

शेजारच्या खाटेवर लासूर स्टेशनच्या बाजारातला म्हातारा मापाडी होता. त्याचंही तेच ऑपरेशन. धान्य मोजताना एकाला 'लाभ' म्हणतात, तसा तो 'लाभ, दोन, तीन' पुटपुटत उपरण्याला गाठी मारायचा आणि सोडायचा. त्यानं पाठीतलं इंजेक्शन मागून घेतलं होतं.

"बाबा, भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"लई वाटती, मास्तर. म्हणून तर जागा राहतो. झोपल्यावर हाक कशी मारू?"

"हाक मारून काय होणार?"

"काय नाय. म्हातारी दाराबाहेर बसंल. तिनं ओ दिली की बस."

त्या दुपारी मी पत्र टाकलं: "अक्का, पुढच्या सोमवारी ऑपरेशन आहे. मी जागा राहणार आहे. मला फार भीती वाटते. तू ये, दाराबाहेर बस."