न धुतलेली चादर

माझ्या मावसबहिणीचा मला लहानपणापासून हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मावशीचं लग्न ख्रिस्ती घरात झालं होतं, म्हणून ती ख्रिस्ती, आम्ही बौद्ध. माझी मावशी वारली तेव्हा ताई नऊ वर्षांची होती. ती आमच्या परभणीच्या घरी आली आणि नर्सिंगला जाईपर्यंत आमच्याकडंच राहिली. पुढं ती व्रत घेऊन मठातली सिस्टर झाली. तिच्या सिस्टरांच्या संघानं तिला परदेशातल्या एका मठात पाठवलं. तिथं युद्ध लागलं आणि ते शहर दुसऱ्या देशाच्या सैन्यानं घेतलं. परदेशी सिस्टरांना निघून जायची मुभा होती. ती राहिली.

आमचं घर पत्रकांचं. बाबा शाळेत क्लार्क, पण जीव सगळा चळवळीच्या पत्रकांत. बाराखडी मी उरलेल्या पत्रकांच्या पाठीवरच गिरवली. बाबांचा एक नियम होता. "गाव, गल्ली, वार, वेळ घातल्याबिगर पत्रक सोडायचं न्हाई. लोकांना खोटं वाटतंय." त्या युद्धाविरुद्ध मी तीन पत्रकं लिहिली आणि गंगाखेडच्या स्टँडवर उभी राहून वाटली. एका बाईनं माझ्यासमोरच पत्रकाची घडी घालून एसटीची सीट पुसली.

आणि ताईचे व्हॉइस मेसेज! दर शनिवारी दुपारी यायचे, आईच्या फोनवर. मला कधीच नाही. आई हातातलं काम टाकून फोन कानाला लावायची.

"मावशी, तिसऱ्या मजल्यावरच्या आजीची आज नखं काढली. तिनं काकडीचं लोणचं दिलं बरणीभर. तेल न्हाई त्याला, नुसतं मिठाचं पाणी."

"ह्याला लोणचं म्हणायचं का गं?" आई फोनलाच विचारायची आणि एकटीच हसायची.

तिथल्या फादरांना सैनिक घेऊन गेले होते. चर्चला कुलूप होतं. जे म्हातारे, आजारी लोक शहर सोडू शकले नव्हते त्यांच्याकडं सिस्टर घरोघर जात. ख्रिस्तप्रसादाची भाकर देत, प्रार्थना म्हणत, अंग पुसून देत, कुणी गेलं तर त्याचे डोळे मिटवत. हे सगळं आई शेजारणींना सांगायची. माझी पत्रकं तिनं कधी कुणाला दाखवली नाहीत.

एकदा मी म्हणाले, "सैन्य घुसलंय तिथं, आणि ही एक शब्द बोलत न्हाई. नुसती नखं काढत बसलीय."

"तुझ्या पत्रकानं कुणाची नखं काढली का आजवर?" आई म्हणाली. "लय मोठी आलीस."

ते मला लागलं. अजून लागतं.

पुढच्या शनिवारी आई दळण आणायला गेली होती आणि फोन घरी राहिला होता. मेसेज आला तो मीच ऐकला. ताई हसत हसत सांगत होती, "मावशी, सैन्याच्या नाक्यावरून औषधं न्यायला बंदी हाय. पण आजीला शुगरची सुई रोज लागती. मग आमी काय करतो, एक घाण चादर मुद्दाम धुवतच न्हाई. तिच्यात गुंडाळून नेतो. शिपाई बोचकं उघडतो, नाक धरतो, म्हणतो, जा जा!"

कुणाला सांगू नको, असं ती म्हणाली नव्हती. आईला ते सांगावं लागत नाही.

मी त्याच दुपारी त्या चादरीचं पत्रक लिहायला बसले. इतकं सलग मी कधीच लिहिलं नव्हतं. बाबांच्या नियमाप्रमाणे सगळं घातलं: शहर, गल्ली, वार, नाक्यावरून जायची वेळ. आधीच्या मेसेजमधून मला ते तोंडपाठ होतं. खाली माझं नाव टाकलं आणि मोबाईलवर सोडलं. दोन दिवसांत ते कुठल्या कुठं गेलं. कुणीतरी त्याचं इंग्रजी केलं. बाबांना फोन आले, "पोरीनं काय लिहिलंय हो!" आईला वाचता येत नव्हतं असं नाही, पण तिनं ते वाचलं नाही आणि मी मुद्दाम दिलंही नाही. शनिवारची वाट बघत होते. ताईच सांगेल तिला, असं वाटत होतं.

शनिवारी मेसेज आला नाही. मंगळवारी आमच्या भागातल्या मिशनमधल्या दोन सिस्टर घरी आल्या. चहा नको म्हणाल्या.

"ते पत्रक काढून टाका," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "सैन्यानं वाचलं का, आम्हाला माहीत नाही. पण तिथल्या मठाच्या मुख्य मदरनं सिस्टरांचं नाक्यापलीकडं जाणं बंद केलंय."

"मग त्या आजीचं?" आईनं विचारलं.

आईनं माझ्याकडं बघितलं. चादरीचा तो मेसेज तिनंही नंतर ऐकला होता, त्यामुळं कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. बाबा नियमाबद्दल काहीतरी बोलायला गेले आणि वाक्य अर्धं टाकून चपला घालून बाहेर पडले.

मी ते काढलं, पण गेलेलं परत येत नव्हतं. अकरा दिवसांनी सिस्टरांना दुसरा मार्ग सापडला. जुना त्यांनी कायमचा सोडला, म्हणून इथं चादरीबद्दल तरी लिहितेय. तिथली गल्ली, शहर, कुणाचंही नाव आता लिहिणार नाही.

त्यानंतर ताईचा मेसेज आला. माझ्या फोनवर, पहिल्यांदाच.

"तू लिहिलंस त्यात खोटं काहीच न्हाई. पण इतके दिस सुई न्हाई, आजीचा पाय काळा पडलाय. वाचंल का सांगता येत न्हाई. तू इचारायला पायजे होतंस मला. मी हाय की अजून, जित्ती हाय. इचारायचं ना गं!" शेवटी तिचा आवाज चढला आणि फुटला.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "तिचा आवाज हाय का? काय म्हणाली? लाव की परत."

"बरी हाय म्हणाली," मी म्हणाले आणि फोन मुठीत धरला.

इतक्या वर्षांत ताई आईवर कधी ओरडली नव्हती. ती माझ्यावर ओरडली होती, आणि ते फक्त माझ्यासाठी होतं. मी गच्चीवर गेले आणि मेसेज पुन्हा लावला.