मिशी गेली, अण्णाही गेले

माझी फजिती ऐकायचीय? मग चहा आणखी थोडा घाला, कारण या फजितीत माझे वडील वारले. म्हणजे मीच त्यांना मारलं. दचकू नका, पुढं ऐका.

तेव्हा मी गिरगावात, खोताच्या वाडीजवळच्या एका चाळीत राहायचो आणि एका मासिकात दरमहा चोरीच्या तपासाच्या कादंबरीचं एकेक प्रकरण लिहायचो. माझी पत्नी राधा जाऊन काही वर्षं झाली होती. कोकणातून अण्णांची, म्हणजे वडिलांची, पत्रं यायची: दुसरं लग्न कर, मुलगी पाहिलीय, अकरावं सरलंय. मी चाळिशी ओलांडलेला. मी उत्तरं देणं सोडलं, तेव्हा त्यांनी कळवलं, आता बोटीनं येऊन समक्षच बोलतो.

शेजारी वामनराव. त्यांची विधवा बहीण वेणूबाई मुलींच्या शाळेत शिकवायची. माझं प्रकरण छापून आलं की गॅलरीत उभी राहून त्यातल्या चुका सांगायची. मी मुद्दाम चुका ठेवू लागलो होतो, यावरून काय ते समजा.

एकदा वामनराव घरात आले आणि दार लोटून घेतलं.

"भाऊराव, तुम्ही तपासाचं लिहिता ना? वेणू दर रविवारी दुपारी कीर्तनाला म्हणून जाते. देवळात नसते. कुठं जाते तेवढं बघा. भलतंसलतं निघालं तर गावी धाडतो तिला. कायमची."

मी लगेच हो म्हणालो. म्हटलं, आपण आधी शोधलं तर निदान सावरून घेता येईल.

आता पाठलाग म्हणजे वेषांतर आलंच. रविवारी सकाळी एका अनोळखी न्हाव्याकडून मिशी उतरवून घेतली. त्यानं काही न विचारता फार हळुवार हात चालवला. मला वाटलं, किती अदबशीर माणूस. आरशात पाहिल्यावर मनात आलं, राधेनं मला असं कधी पाहिलं नव्हतं. पण ते जाऊ द्या. लोक मला लांबून पगडीवरून ओळखत, म्हणून डोक्याला पंचा गुंडाळला. कपाळावरचं ठसठशीत गंध पुसलं. जोडा करकर वाजायचा, तो घरीच ठेवला.

ट्राममध्ये वेणूबाई पुढं, मी मागं. शेजारचे गृहस्थ अंग चोरून बसले. म्हटलं, वेष जमला.

भायखळ्याला उतरून ती लालबागकडं चालू लागली आणि एका चाळीतल्या खोलीत शिरली. मी बाहेर वाळत घातलेल्या लुगड्याआड उभा राहून डोकावलो.

"अगो बाई, हयसर कोण डोकावता बघा गो," मागून एक बाई ओरडली.

छत्री उगारून वेणूबाईच बाहेर आली. मला पाहिलं आणि छत्री सावकाश खाली आली.

"भाऊराव? अरेरे... अण्णा गेले?"

मी स्वतःकडं पाहिलं. मिशी नाही, गंध नाही, पाय अनवाणी, डोक्याला पंचा. बाप गेलेला माणूस आपल्यात याहून वेगळा दिसतो का? न्हाव्याची अदबही तेव्हा कळली.

दोनच वाटा होत्या. मी तुमच्या पाळतीवर होतो म्हणायचं, किंवा मान हलवायची. मान हलली.

"आणि तुम्ही इथं कसे?"

"मन लागेना. चालत सुटलो."

तिचे डोळे भरले. आत पाट्या घेऊन गिरणीतल्या बायका बसल्या होत्या. रविवारची सुटी, म्हणून ती त्यांना अक्षरं शिकवायची.

"दादाला सांगू नका," ती म्हणाली. "त्याला चालायचं नाही."

परतताना माझं मन रमावं म्हणून तिनं विषय काढला. "तुमच्या कादंबरीतला चोर मला कळलाय. तो कारकून ना?"

अर्धी कादंबरी अजून लिहायची होती. सुदैवानं मी शोकात होतो, त्यामुळं पडलेला चेहरा खपून गेला.

संध्याकाळी चाळ लोटली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून घरोघरचं पिठलं-भात आलं. मी खरं सांगायला तोंड उघडलं की कोणीतरी म्हणे, "रडून घ्या, मोकळे व्हा." वामनराव तर माझा हात सोडीनात.

तेवढ्यात दारात काखेत फणस घेऊन अण्णा उभे.

"काय रे, कोण गेलं?"

एका काकूंच्या हातातलं पातेलं पडलं. शेवटी वामनरावच चाचरत म्हणाले, "अण्णा, तुम्ही."

"मी? कधी?"

मग मला सगळं सांगावंच लागलं. मिशी, पंचा, पाठलाग, उगारलेली छत्री. ती कुठं गेली तेवढं सोडून. वामनरावांनी हात सोडला.

"मग बोला. कुठं जाते ती?"

वेणूबाई माझ्याकडं बघत होती. असं बघण्यापेक्षा तिनं छत्री मारली असती तर बरं.

"ते मी सांगणार नाही," मी म्हटलं.

"मीच सांगते," ती म्हणाली. "लालबागला. गिरणीतल्या बायकांना शिकवते."

"उद्याच्या बोटीनं गावी," वामनराव म्हणाले.

अण्णा एव्हाना पाटावर बसून जेवायला लागले होते.

"पिठलं झकास झालंय. कोणी केलं?"

"मी," वेणूबाई म्हणाली.

"भाऊ, हिच्यासाठी मिशी काढलीस?"

"तपासासाठी, अण्णा."

"तेच म्हणतो मी. वामनराव, याला अकरा वर्षांची पोर पुरायची नाही. छत्री उगारणारीच हवी. तिचं तिला विचारा. पण काय ते लवकर ठरवा. घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकावं, नाहीतर तीन वर्षं खोळंबतं. आणि मी तर आजच गेलोय."

सगळे वेणूबाईकडं बघू लागले. तिनं माझ्या ओठावर नजर टाकली.

"मिशी येऊ दे, मग सांगते. आणि रविवारी मी लालबागलाच असणार."

मिशी इतकी सावकाश वाढते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. वामनराव बरेच दिवस मला पाहिलं की दार लोटून घेत. मग एका रविवारी आपणहून तिला ट्रामपर्यंत सोडायला गेले.

लग्नाला गिरगावानं नावं ठेवली. काहींनी तर पंगतीला बसून ठेवली. त्यांना आग्रह करकरून जिलब्या वाढत होते आमचे कैलासवासी अण्णा. आणि ज्याला त्याला सांगत होते, "चिरंजीव तपासाच्या कादंबऱ्या लिहितात. बाप जिवंत आहे, एवढाच काय तो तपास राहून गेला."