पान्याचं कुंकू

वरठीच्या स्टेशनजवळ बाबांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. आसपासच्या खेड्यांतली माणसं सकाळी सायकल आमच्याकडे टाकून नागपूरची गाडी पकडायची आणि संध्याकाळी हवा भरलेली सायकल घेऊन घरी जायची. घर दुकानाच्या मागेच होतं. थोरला भाऊ बाबांच्या हाताखाली काम करायचा. मी भंडाऱ्याच्या कॉलेजात होतो, म्हणजे घरच्यांची तशी समजूत होती. खरं म्हणजे दुपारनंतर मी तिथल्या एका फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत सापडायचो.

स्टुडिओच्या मालकांचं एक मत होतं. माणूस हलतो, लाजतो, नेमक्या वेळी डोळे मिटतो, म्हणून शिकणाऱ्याने आधी न हलणाऱ्या वस्तूंचे फोटो काढावेत. कोणाच्या लग्नाचा रोल संपता संपता दोन-तीन फोटो उरले, की कॅमेरा ते माझ्याकडे द्यायचे. मी दाराची कडी काढली, बिजागरी काढली, कुलपाचे तर चार फोटो काढले. बाबा म्हणायचे, "खिळ्याचा फोटो काढून खिळा ठोकता येते काय?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुकानातली सगळी हत्यारं घासलेटात धुतली जायची. दसऱ्याला सकाळी फळीवर पांढरा कपडा अंथरून ती ओळीने मांडायची, प्रत्येकाला हळद-कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. आईची बोटं आखडल्यामुळे त्या वर्षी पूजेचं ताट वहिनीकडे आलं. वहिनी एकोडीची, शेतकऱ्याघरची. त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आली होती. कानशीला आधी लावायचं की हातोडीला, हे तिने आईला दोनदा विचारून घेतलं.

दुपारी घर झोपलं होतं. दोन फोटो उरलेला कॅमेरा मालकांनी सणापुरता मला घरी नेऊ दिला होता. दुकानाच्या दाराची एक फळी काढलेली होती आणि तिथून उन्हाची पट्टी बरोबर मोठ्या पान्यावर पडली होती. असा उजेड मी त्याआधी पाहिला नव्हता. अडचण एकच होती. पान्याच्या जबड्यावर, ऊन चमकत होतं तिथेच, कुंकू होतं. काळ्या-पांढऱ्या फोटोत ते डागासारखं दिसलं असतं. मी ते अंगठ्याने पुसलं. गेलं नाही, म्हणून रुमालाला घासलेट लावून पुसलं. दोन फोटो काढले. कुंकू परत लावायचं मनात होतं, पण ताट देवाजवळ होतं आणि देवाजवळ आई आडवी झाली होती. तेवढ्यात मित्र सोनं लुटायला हाका मारू लागले आणि मी गेलो.

सकाळी बाबांनी पाना उचलला आणि ते थांबले.

"पान्याले काहून नाही लावलं, बाई?"

"लावलं होतं, मामाजी," वहिनी म्हणाली.

"मंग काय पान्यानं सोता पुसलं?"

भाऊ हसला. मीही हातात चहाचा कप धरून हसलो. ते हसणं मला आजही ऐकू येतं.

पुढे वर्षभर कुठे टायर फुटला, नट घसरला, की बाबा गिऱ्हाइकासमोर म्हणायचे, "पाना उपाशी हाय आमचा." त्यात राग नव्हता, गंमतच होती. पण पुढच्या दसऱ्याला ताट त्यांनी स्वतः घेतलं. वहिनी आत पुऱ्या लाटत राहिली. बोललो असतो तर कॅमेरा सुटला असता, एवढंच माझं नुकसान होतं. तिचं घरातलं पहिलं मानाचं काम गेलं होतं.

तो फोटो माझ्या हातून तोवर निघालेला सगळ्यात चांगला फोटो होता. मालकांनी तो मोठा करून दिला आणि मी तो पेटीच्या तळाशी लपवला. कपड्यांना ऊन दाखवताना तो वहिनीला सापडला. सगळ्या हत्यारांना टिळे होते, मधला पाना लख्ख. तिने तो माझ्यासमोर ठेवला.

"सांगतो बाबांना," मी म्हणालो. "दिवाळी होऊ द्या."

दिवाळ्या होत गेल्या. तिने पुन्हा विचारलं नाही, कोणाला सांगितलंही नाही. माझ्या जेवणात मीठ कधी कमी-जास्त झालं नाही. झालं असतं तर बरं वाटलं असतं.

सहाव्या की सातव्या वर्षी बाबांचे गुडघे वाकेनात. दसऱ्याच्या सकाळी त्यांनी ताट वहिनीच्या हातात दिलं आणि खुर्चीवर बसून म्हणाले, "पान्याले विसरू नको, बाई."

"नाही विसरत, मामाजी."

तिने सगळ्यात आधी पान्यालाच कुंकू लावलं, चांगलं रुपयाएवढं. मग मला हाक मारली.

"भाऊजी, आना तुमचा कॅमेरा. काढा आता फोटो. कुंकू ओलं हाय, हात लावू नका."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय कळलं ते मी कधी विचारलं नाही. मी फोटो काढला. तो दुकानात पंपाच्या वर अजून टांगलेला आहे, आणि त्यात पान्यावरचा तो डाग सगळ्यात आधी दिसतो.