वहिनीला कुणी विचारलं?

आमच्या दुकानात शाळेचे गणवेश शिवतात. शिवतो दादा, पण कापड कापते वहिनी. गिऱ्हाइकं तिला दादाची बायको म्हणून नव्हे, कटर म्हणून ओळखतात. मी तिची नणंद असूनही तिचीच बाजू घेते, हे आधीच सांगून टाकते.

एका तापाने वहिनी आडवी झाली. ताप गेला, थकवा गेलाच नाही. डॉक्टरांनी क्रॉनिक फटीग सिंड्रोम असं नाव सांगितलं आणि यावर हमखास औषध नाही, हेही सांगितलं. मग दादाने फोनमधल्या चॅटबॉटला साकडं घातलं. ‘बायको सारखी झोपून असते, तिला कामाला कसं लावू?’ उत्तर गोड आणि ठाम आलं. रोज थोडं जास्त चालवा, हुरूप द्या. झालं! दादा तिला जिने चढवायला लागला. ती एक दिवस चढायची आणि पुढचे कित्येक दिवस पडदे ओढून पडायची. पाण्याचा पेलासुद्धा तिला उचलवायचा नाही.

“जरा नेट लाव गं,” दादा म्हणायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एका सकाळी वहिनी अर्ध्या जिन्यातच बसली. “तो फोन द्या इकडे.”

तिने दादाचा प्रश्न वाचला. “अहो, गिऱ्हाइकाच्या शेजाऱ्याने तोंडी सांगितलेल्या मापावर आपण कधी कापड कापलंय? मग माझं माप असं परस्पर कसं दिलंत?”

वहिनीने तिथेच बसून स्वतः लिहिलं, ‘मला हा आजार आहे. श्रम झाले की दुसऱ्या दिवशी आणखी गळून जाते. चालणं वाढवू का?’

त्याच चॅटबॉटने घूमजाव केलं. वाढवू नका, झेपेल तेवढंच करा, दमायच्या आधी थांबा, या आजारात रेटून व्यायाम केल्याने अनेकांची तब्येत बिघडते. वर दिलगिरीसुद्धा!

दादा रडवेला झाला. पण खोड कुठे जाते? दुसऱ्या दिवशी म्हणाला, “आता फक्त आराम. कात्रीला हात लावायचा नाही. त्यानेच सांगितलंय. मी दुसरा कटर बघतो.”

“काल त्याचं ऐकून मला चढवलंत, आज त्याचंच ऐकून निजवताय,” वहिनी कडाडली. आवाज बारीक होता, पण कडाडलीच ती. “अंग माझं, थकवा माझा. किती कापायचं ते मी ठरवणार.”

“आणि पडलीस तर?”

“पडेन. दुकानातच पडेन. खाट आणा.”

खाट आली, कापायच्या टेबलाला लागून. एखाद्या सदऱ्याचं कापड कापलं की वहिनी आडवी होते, हात शिवशिवत असले तरी. काही दिवस कात्री उचलतही नाही. ती बरी झालेली नाही. उगाच खोटं कशाला सांगू?

परवा एका शाळेचे मुख्याध्यापक गणवेशांची ऑर्डर द्यायला आले. खाटेकडे बघून दादाला हळूच म्हणाले, “यांना रोज पळायला पाठवा हो. थांबा, मी फोनला विचारून सांगतो.”

दादाने त्यांच्या फोनवर हात ठेवला. “ती जागी आहे, सर. तिलाच विचारा.”

“विचारा ना,” वहिनी डोळे न उघडता म्हणाली.

सरांनी फोन खिशात ठेवला आणि ऑर्डरचा कागद काढला.