यमुनाताईंचा परिच्छेद

फोटोसाठी कोणी मोबाइल वर केला की यमुनाताई करंजे अर्धे पाऊल मागे सरकत आणि पाठ वळवून घेत. हे त्या ठरवून करत नसत. वाढदिवसाचा केक असो, गणपतीची आरती असो, त्या फोटोत असत आणि नसतही. कोणी "आज्जी, पुढे या ना" म्हटले तर उत्तर ठरलेले होते. "ऱ्हाऊ दे. दुसऱ्याचा उजेड खाऊ नये."

आखातात, अल मनखूल भागातल्या आमच्या इमारतीत त्या चौथ्या मजल्यावर राहत, मी दुसऱ्यावर. मुलगा नितीन मुसफ्फा या दूरच्या कारखान्यांच्या भागातल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत मॅनेजर होता. सकाळी कंपनीच्या बसने जाई, अंधार पडल्यावर परत येई. सून शाळेत शिकवायची. दिवसभर घरी यमुनाताई, आणि दुपारनंतर तेरा वर्षांची नात रिया. आई पूर्वी काय करायची असे मी एकदा लिफ्टमध्ये विचारले. नितीन म्हणाला, "हाउसवाइफ." आई शेजारीच उभी होती. तिने मजल्यांच्या आकड्यांकडे पाहिले.

खरे काय ते मला गणेशोत्सवातल्या मुलांच्या नाटुकल्यामुळे कळले. एका मुलाला थप्पड खाऊन पडायचे होते आणि ते त्याला जमत नव्हते. यमुनाताई खुर्चीवरून उठल्या, चपला काढल्या आणि पडल्या. वय तेव्हा चौऱ्याहत्तर. सगळे धावले. जमिनीवरूनच त्या म्हणाल्या, "आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा. डोकं कधीच टेकवायचं न्हाई. कळलं काय रं?" मुलगा म्हणाला, "वन्स मोअर, आज्जी." त्या पुन्हा पडल्या.

मी इथल्या एका इंग्रजी दैनिकात डेस्कवर काम करतो. विचारण्याची सवय असल्याने मी विचारत गेलो आणि पुढच्या काही दुपारी त्यांनी सांगितले. वडिलांचा कोल्हापुरात टांगा होता. स्टुडिओला घोड्याला न भिणारी मुलगी हवी होती, म्हणून या गेल्या. एकूण एकतीस चित्रपट केले. पडद्यावर नाव आले ते चार चित्रपटांत, त्यांतल्या एकात चुकीचे. विनोदी चित्रपटांत त्या शेजारीण असत. नायकाच्या हातून निसटलेली बादली, पीठ, लाटणे, जे काही पडायचे ते त्यांच्यावर पडे. "पानी गारच लागतंय," त्या म्हणाल्या. "ऊन पान्यानं बाई दचकत न्हाई, आन् बाई दचकली न्हाई तर लोक हसत न्हाईत."

उरलेले चित्रपट दरोडेखोरांचे होते. गावाबाहेरच्या खाणीला चंबळचे खोरे म्हणायचे, बंदुका, घोडी, धूळ. नायिकेला घोड्यावर बसता येत नसे. जवळून तिचा चेहरा घेत, दौड यमुनाताईंची. "तोंड तिचं, पाठ माजी. दोगी मिळून एक बाई."

अशाच एका चित्रपटात नायिका देवळाच्या दगडी पायऱ्यांवरून घोडा उतरवते. पहिल्या प्रयत्नात घोडा घसरला आणि यमुनाताईंचे गळ्याजवळचे हाड मोडले. तीन महिन्यांनी त्यांनाच परत बोलावले आणि तेव्हा ते दृश्य चित्रित झाले. डावा खांदा मात्र कायमचा खाली राहिला. ते दृश्य आजही मोबाइलवर फिरत असते. रियानेही पाहिले होते. घोड्यावर आपली आजी आहे यावर तिचा विश्वास नव्हता. "आज्जी, एनीवन कॅन से दॅट," ती म्हणे. नितीन विषय बदलत असे.

"मला सत्कार नको, काय नको," यमुनाताई मला म्हणाल्या. "हिला पटलं पायजे. तिच्या बापाला तर जलमभर माजी लाज वाटली."

गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळींनी एका ज्येष्ठ विनोदी नटाचा सत्कार केला. त्यांचे नाव देत नाही, त्यांना पुरेशी प्रसिद्धी मिळाली आहे. पायऱ्यांच्या चित्रपटात ते नायकाचे मित्र होते. कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी एका शाळेच्या सभागृहात होता. यमुनाताई रियाला घेऊन चौथ्या रांगेत बसल्या. मी बातमीसाठी गेलो होतो.

नटांनी तो किस्सा रंगवून सांगितला. नायिकेने एका टेकमध्ये घोडा उतरवला, "आणि आम्ही पुरुषमंडळी खाली उभी, पाय लटपटतायत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. रिया आजीकडे वळली. "सी, आज्जी? ही वॉज देअर."

कार्यक्रमानंतर रिया वडापावच्या रांगेत गेली. यमुनाताई गर्दीतून नटांपर्यंत पोचल्या. मीही जवळच होतो. नटांनी त्यांना लगेच ओळखले.

"यमे! अजून पडतेस का गं?"

"पडतोय की." कोल्हापुरी बायका स्वतःबद्दल असेच बोलतात. "दादा, पायऱ्या कोन उतरलं हुतं?"

ते हसले. "तूच. पण ते स्टेजवर सांगायचं असतं का? लोक हिरॉइनसाठी टाळ्या वाजवतात, बाई."

मग त्यांनी फोटोसाठी सगळ्यांना बोलावले आणि मोबाइल माझ्या हातात होता म्हणून मीच फोटो काढला. ते सवयीने पुढे आले. यमुनाताई सवयीने मागे सरकल्या.

बाहेर येताना त्यांनी माझी बाही धरली. "तुमी ऐकलंत न्हवं?"

"ऐकलं."

"मग लिवा. पेपरात आलं म्हंजे रिया मानंल."

"रविवारच्या अंकात येईल," मी म्हणालो. बातमीदाराने असे आधी सांगायचे नसते. मी सांगितले.

बातमी लिहिण्याची एक रीत आहे. सर्वांत महत्त्वाचे आधी, कमी महत्त्वाचे त्याखाली, असे उतरत जायचे. म्हणजे जागा कमी पडली तर पान लावणारा न वाचताही खालून कापू शकतो. मी त्याच रीतीने लिहिले. आधी नट, मग सत्कार, मग गर्दी. शेवटच्या परिच्छेदात यमुना करंजे, मुक्काम अल मनखूल. पायऱ्यांवरचे दृश्य त्यांनी केले होते आणि नटांनी तसे मान्य केले. चार वाक्ये होती. शनिवारी संध्याकाळी त्या पानावर एक जाहिरात वाढली. ते पान लावायचे काम माझ्याकडेच होते. मी खालून कापले. याला अर्धे मिनिटही लागले नाही, आणि तेव्हा मला यात काही विशेष वाटले नाही.

रविवारी सकाळी यमुनाताईंनी खालच्या ग्रोसरीतून अंकाच्या सहा प्रती आणवल्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे. जेवणाच्या टेबलावर रियाने बातमी मोठ्याने वाचली. नितीनही थांबून ऐकत होता. ती शेवटपर्यंत आली, पान उलटले, परत मागे उलटले. "देअर्स नथिंग, आज्जी." नितीन उठून आत गेला. हे मला नंतर त्याच्या बायकोने सांगितले.

नऊ वाजता यमुनाताईंचा फोन आला.

"साहेब, माजं दुसऱ्या पानावर हाय का?"

"नाही, ताई. जागा कमी पडली."

"कोन कापतंय तुमच्यात?"

"पान लावणारा असतो एक."

"माजं शेवटी ठेवलं हुतं?"

"हो."

"मग कापनारच की. कापायला सोपं जावं म्हनूनच शेवटी ठेवत्यात. आमच्यातबी तसंच हुतं."

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्या चित्रपटांबद्दल माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. लिफ्टमध्ये भेटल्या तर ऊन किती वाढलेय ते बोलत.

पुढे नितीनच्या कंपनीचे काम कमी झाले. कुटुंबाचे शारजातल्या लहान घरात जायचे ठरले आणि तिथे सोय नाही म्हणून नितीनने आईला कोल्हापूरला स्वतःच्या बहिणीकडे पाठवले. दोन महिन्यांत त्या न्यूमोनियाने गेल्या. नितीन तीन दिवस जाऊन आला.

शारजाला जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी रिया माझ्या दाराशी आली. श्रद्धांजलीच्या मेसेजसाठी आजीचा एकटीचा फोटो हवा होता, घरी मिळत नव्हता. माझ्याकडे त्या कार्यक्रमातला एकच होता. पुढे हार घातलेले नट, मागे यमुनाताईंची पाठ आणि खाली झुकलेला डावा खांदा.

रियाने तो बराच वेळ पाहिला. मग स्वतःच्या मोबाइलवर पायऱ्यांचे दृश्य लावले, मध्येच थांबवले आणि दोन्ही मोबाइल शेजारी धरले.

"लेफ्ट शोल्डर, अंकल. इट्स हर."

"हो."

"यू न्यू?"

"त्या नटांनी माझ्यासमोर मान्य केलं होतं. मी लिहिलंही होतं."

"देन हू कट इट?"

आजीला सांगितले नव्हते ते तिला सांगितले. "पान माझ्याकडे होतं. मीच कापलं."

तिने मोबाइल खिशात ठेवला. "आज्जी न्यू," ती म्हणाली. मग मराठीत बोलली, थेट आजीच्या बोलीत. "फोन ठेवल्यावर मला म्हनाली, त्येनीच कापलंय. पन त्यास्नी इचारू नको. वाईट वाटंल."